कोंबड्या दांडीवर झोपेनात? दांडी बदलण्याआधी रात्री टॉर्च घेऊन जा

संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात कोंडायच्या आणि सकाळी दार उघडून बघावं तर दांडी रिकामी. दोघी-तिघी अंड्याच्या पेटीत शिटून बसलेल्या, बाकीच्या दाराच्या कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर. दार लावायला उशीर झाला तर सगळ्या निंबावर. नवीन दांडी घातली की काही महिने बरे जातात, मग पुन्हा तेच. आमच्याकडं हे तीनदा झालं, आणि तिन्ही वेळा मी दांडीलाच दोष दिला.

आमचं घर सोलापुरात हैदराबाद रोडच्या बाजूला. परसात सात बाय सहा फुटाचं खुराडं आहे. मागची भिंत जुनी, दगड-मातीची, बाकी तीन बाजूंना जाळी, वर पत्रा. पक्षी चौदा : नऊ गावरान कोंबड्या, एक कोंबडा आणि चार गिरिराजा, म्हणजे जड जातीचे पक्षी.

पहिली दांडी लोखंडी पाइपची होती. पाइप घरात पडून होता, एवढंच कारण. कोंबड्या त्यावरून घसरायच्या, रात्रभर पंखांची फडफड ऐकू यायची. आमचे हे चादरीच्या कारखान्यात असल्यामुळं घरात काठाच्या कापून टाकलेल्या पट्ट्यांना तोटा नाही. त्या मी पाइपला घट्ट गुंडाळल्या. पकड छान आली, कोंबड्या सुखानं झोपायला लागल्या, आणि मी स्वतःवरच खूश. गड्ड्याच्या जत्रेच्या, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास मात्र एकेक करून त्या खाली उतरल्या. शेजारच्या वहिनी सकाळी सकाळी दारात आल्या : "तुमच्या कोंबड्या आमच्या गाडीवर झोपलाल्यात की ओ वैनी, सीट बघा काय झालंय!" मला वाटलं, थंडीत लोखंड गार पडत असेल. पाइप काढला, बांबू आणला आणि त्याचं एक टोक भिंतीतल्या भोकात खोचून दिलं. पावसाळा संपेपर्यंत ठीक चाललं. मग पुन्हा खाली. तिसऱ्यांदा बाभळीचा सालीसकटचा दांडा बसवला, कारण कुठंतरी ऐकलं होतं की पक्ष्याला झाडाच्या फांदीसारखं खडबडीत लागतं. तोही दीड महिन्यात रिकामा झाला.

शेवटी गल्लीतल्या एका आज्जींनी विचारलं, "रात्री जाऊन बघितलंस का कधी?"

नव्हतं बघितलं. अंधार पडल्यावर कोंबडीला फारसं दिसत नाही, ती जागची हलत नाही. त्यामुळं रात्री खुराड्यात बघण्यासारखं काय असणार, असं मी धरून चालले होते. त्या रात्री दहाला आज्जींना घेऊनच गेले. घरातला एक सेकंडचा पांढरा टॉवेल दांडीखाली धरला आणि दांड्याला बत्त्यानं दोन-तीन ठोके दिले. टॉवेलवर मिरपूड सांडावी तसे बारीक ठिपके पडले आणि मग ते ठिपके चालायला लागले. टॉवेलची घडी करून चोळली तर आत कुंकवाच्या बोटासारखे ओढलेले लाल डाग. ते कोंबडीचं रक्त. मग टॉर्च मागच्या भिंतीवर मारला. बांबूचं टोक खोचलेल्या भोकातून काही गोचीड बाहेर येत होते, चपटे, करडईच्या दाण्यापेक्षा मोठे, घाई नसल्यासारखे. दिवसा याच भिंतीला टेकून मी अंडी गोळा करायचे.

तर पहिली गोष्ट ही. कोंबडी ही मूळची रानातली, झाडावर रात्र काढणाऱ्या पक्ष्याच्या वंशातली. उंचावर बसायला तिला शिकवावं लागत नाही. ती जर दांडी सोडून जमिनीवर झोपत असेल तर तिथं तिला काहीतरी टोचतंय, चटका बसतोय, ढकललं जातंय किंवा वर चढता येत नाहीय. यातलं काय, ते रात्रीच कळतं.

कोण, कधी आणि कुठं

आधी दोन रात्री नुसतं बघा, काहीही बदलू नका. सगळ्याच खाली आल्या असतील तर किडे किंवा उष्णता. एक-दोघीच खाली असतील तर भांडण किंवा जागेची टंचाई. फक्त जड पक्षी खाली असतील तर उंची जास्त आहे. एखादीच तुरा पाडून, पंख सोडून खाली बसली असेल तर तो दांडीचा प्रश्नच नाही, ती आजारी आहे, तिला वेगळी काढा.

महिनाही महत्त्वाचा. एप्रिल-मे मध्ये आमच्याकडं पारा बेचाळीसच्या वर जातो. त्या दिवसांत कोंबडी दांडी सोडत असेल तर मी आधी पत्र्याकडं बघते. पावसाळ्याच्या शेवटापासून संक्रांतीपर्यंत सोडत असेल तर आधी टॉवेल.

किडे निघाले तर

दोन वेगळे शत्रू आहेत आणि त्यांचे उपाय थोडे वेगळे आहेत. पहिला बारीक माइट, मिलिमीटरभराचा. उपाशी असताना राखाडी, रक्त प्यायला की लाल. दिवसा तो कोंबडीच्या अंगावर राहत नाही. दांडीच्या चिरेत, सालीखाली, खिळ्याच्या भोवती दडून बसतो आणि रात्री वर चढतो. म्हणून दिवसा कोंबडी उलटीसुलटी करून बघितली तरी काही सापडत नाही, आणि दुकानातून पावडर आणून तिच्या अंगाला चोळली तरी मूळ घर तसंच राहतं. उबदार हवेत आठ-दहा दिवसांत त्याची नवी पिढी तयार होते. कोंबडीचा तुरा फिका पडणं, अंडी कमी होणं आणि खुराडं साफ केल्यावर आपल्याच हाताला खाज सुटणं, ही त्याची लक्षणं.

दुसरा गोचीड. पण हा गाई-म्हशीच्या अंगावरचा नव्हे, पक्ष्यांचा वेगळा. कोरड्या, उष्ण भागात आणि मातीच्या जुन्या भिंतीत त्याला फार मानवतं, म्हणजे आपलं सोलापूर त्याच्या सोयीचंच. उपाशी असताना तांबूस-तपकिरी आणि कागदासारखा चपटा, रक्त पिऊन फुगला की पाटीच्या निळसर रंगाचा. त्याची पिल्लं मात्र काही दिवस कोंबडीच्या पंखाखाली चिकटून राहतात, तिथं बारीक काळसर दाणे दिसतात. मोठा गोचीड अन्नावाचून वर्षाहून जास्त काळ जगू शकतो. म्हणजे "सहा महिने खुराडं रिकामं ठेवलं, आता काही नसेल" हा हिशेब त्याला लागू नाही. शिवाय त्याच्या चावण्यातून कोंबड्यांना ताप येणारा एक आजार होतो, त्यात हिरवट पातळ शिट होते आणि पाय लुळे पडतात. असं काही दिसलं तर घरगुती काढे करत बसू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. वेळेवर औषध मिळालं तर पक्षी वाचू शकतो.

आता माझ्या तिन्ही दांड्या आठवा. पाइपला गुंडाळलेल्या पट्ट्या म्हणजे माइटला मऊ गादी. बांबू पोकळ, त्याचं एक टोक उघडं आणि दुसरं गोचिडाच्या भिंतीत खोचलेलं. बाभळीची साल तर विचारूच नका. तिन्ही वेळा मी किड्यांना नवं घर बांधून दिलं आणि ते भरेपर्यंतचे महिने "सुरळीत" म्हणून मोजले.

साफसफाई मी अशी केली. सकाळी कोंबड्या बाहेर सोडल्या. दांड्या, अंड्याच्या पेट्या, खालचा भुसा सगळं बाहेर काढलं. भुसा जाळला. लाकडावर अंगणात उकळतं पाणी ओतलं, एकदा नाही, प्रत्येक बाजूनं. बाभळीचा दांडा सालीसकट चुलीत घातला. भिंतीच्या फटी आधी खरवडल्या, मग ह्यांनी भाड्यानं आणलेल्या ब्लोलॅम्पनं एकेक फट शेकली. हे करताना जवळ कडबा, पाचट, पोतं काहीही ठेवू नका, पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवा. आणि काही जण फटीत रॉकेल ओततात, ते आणि ज्योत एकत्र कधीही नको. भिंत थंड झाल्यावर फटी सिमेंटनं बुजवल्या आणि वरून चुन्याचे दोन हात दिले.

एवढ्यावर थांबलात तर तीन आठवड्यांनी मला शिव्या द्याल. किड्यांची अंडी आणि खोल दडलेले किडे वाचतात. आठव्या दिवशी पुन्हा आणि पंधराव्या दिवशी पुन्हा टॉवेल धरायचा, उकळतं पाणी ओतायचं. फवारणीचं औषध वापरायचंच असेल तर कोणतं, किती पाण्यात आणि त्यानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. शेतात कपाशीला मारायचं औषध अंदाजानं खुराड्यात मारू नका.

भिंतीशी संबंध तोडला, तिथं खरा फरक पडला

गोचीड उडत नाही, माइटही उडत नाही. दोघांना चालतच यावं लागतं. मग वाटच तोडली तर? माझी आजी दुभत्याच्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची, मुंग्या चढू नयेत म्हणून. तेच केलं.

सुताराला म्हटलं, जुन्या घरात पाण्याच्या घागरी ठेवायची घडवंची असते ना, तशी लांबट करून द्या, वर फळी नको, नुसत्या दोन दांड्या. लांबी साडेचार फूट, उंची पावणेदोन फूट, दोन्ही दांड्या एकाच उंचीवर, मध्ये सव्वा फूट अंतर. ती खुराड्यात सुटी उभी आहे, भिंतीला, जाळीला कुठंच टेकत नाही. चारही पाय जाड बुडाच्या स्टीलच्या वाट्यांत, वाट्यांत तळणीचं उरलेलं करडईचं तेल. मागची दांडी भिंतीपासून फूटभर पुढं. हे फूटभर फार महत्त्वाचं. पहिल्यांदा मी सहा इंच ठेवलं होतं तर कोंबड्याची शेपटी भिंतीला लागत होती, म्हणजे गोचिडाला पूलच मिळाला.

तेलात भुसा आणि पिसं पडतात, मग त्यावरून किडा चालत जातो. म्हणून वाटीच्या वर पायालाच पत्र्याची एक छोटी छत्री ठोकली. तरी पंधरा दिवसांनी तेल बदलावं लागतंच.

आणखी एक. दांड्या खिळ्यानं ठोकल्या नाहीत. पायांच्या वर खाचा करून त्यात नुसत्या बसवल्या आहेत. खाच म्हणजे दडायची जागा हे मला माहीत आहे, ती मुद्दाम ठेवलीय. माइट कुठूनतरी येणारच, चिमण्या आणतात, विकत घेतलेली नवी तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, आणते. आले की ते आधी त्या चार खाचांत जमतात. दर शनिवारी दांडी उचलायची, खाच पांढऱ्या फडक्यानं पुसायची, तेलाचं बोट फिरवायचं. पाच मिनिटांचं काम. सगळं खुराडं शोधत बसण्यापेक्षा किडे कुठं भेटणार हे आपणच ठरवलेलं बरं.

लाकूड कोणतं

याच्यावर लोक फार वाद घालतात, मला तो विषय तेवढा मोठा वाटत नाही. जाडी मनगटाएवढी, म्हणजे दीड ते दोन इंच. साल काढलेली, रंधा मारलेली, वरच्या कडा गोल केलेल्या. बोटाएवढी बारीक दांडी नको, तिच्यावर सगळा भार छातीच्या हाडावर येतो आणि ते वाकतं. बांबू घ्यायचा तर दोन्ही टोकं पेरावर कापून घ्या म्हणजे पोकळी बंद राहते. चीर गेलेला बांबू घेऊच नका. निंबाच्या लाकडाला कीड लागत नाही म्हणून तीच दांडी घाला असं बरेच जण सांगतात. निंबाच्या सालीखालून मी स्वतः माइट काढलेत. प्लॅस्टिकचा पाइप घसरतो, लोखंडी पाइप घसरतो आणि मे महिन्यात रात्री नऊपर्यंत गरम राहतो.

यूट्यूबवर परदेशातले लोक सांगतात की दांडी रुंद आणि सपाट हवी, म्हणजे कोंबडी पायाची बोटं पोटाखाली झाकून बसते आणि ती बर्फानं गोठत नाहीत. बरोबर आहे त्यांचं, त्यांच्याकडं बर्फ पडतो. सोलापुरात त्यासाठी सुताराला जादा पैसे देऊ नका.

किडे नाहीत, तरीही खाली झोपतात

मग जागा मोजा. गावरान कोंबडीला एक वीत, म्हणजे नऊ इंच तरी पाहिजे. गिरिराजा, वनराजासारख्या जड पक्ष्याला फूटभर. माझी जुनी दांडी सहा फुटांची होती. चौदा पक्ष्यांना बहात्तर इंच म्हणजे एकीच्या वाट्याला पाच इंच! संध्याकाळी साडेसहाला जी ढकलाढकली चालायची तिचं मला हसू यायचं, त्यात दर वेळी त्याच दोघी खाली पडतात हे लक्षात आलं नाही. उन्हाळ्यात तर वीतही कमी पडते, कारण गरम होत असलं की त्या एकमेकींपासून लांब सरकतात.

शिडीसारख्या पायरी-पायरीच्या दांड्या दिसायला छान, पण सगळ्यांना वरचीच पायरी हवी असते. रोज तोच तमाशा, आणि खालच्या पायरीवरच्या कोंबडीच्या पाठीवर वरचीची शिट. दांड्या एका उंचीवर आणल्या आणि भांडणं आठवड्यात कमी झाली.

अंड्याच्या पेटीत झोपत असतील तर पेटीची उंची बघा. पेटी दांडीच्या बरोबरीनं किंवा वर असेल तर कोंबडी पेटीतच झोपणार, तिला उंच जागा हवी, पेटी कशासाठी आहे हे तिला काय माहीत. पेटी दांडीच्या निदान फूटभर खाली आणा. सवय मोडेपर्यंत संध्याकाळी पाचला पेटीच्या तोंडाला पुठ्ठा लावायचा, सकाळी उजाडताच काढायचा. खुडूक कोंबडीला मात्र यातून वगळा, ती झोपायला नाही, उबवायला बसलीय.

उन्हाळ्याचं सांगते. दिवसभर तापलेला पत्रा संध्याकाळी खाली आग ओततो आणि गरम हवा वरच साठते. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकत अंग थंड करते. दांडी पत्र्याच्या दीड फुटावर असेल तर ती तिथं बसूच शकत नाही, खाली जमिनीला अंग लावून बसते, आणि ते तिचं बरोबरच आहे. दांडी आणि पत्रा यांत निदान तीन फूट ठेवा. पत्र्याला वरून चुना मारा, त्यावर उसाचं पाचट टाकून दोरीनं बांधा. बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर समोरासमोर जाळी उघडी असली की गरम हवा निघून जाते. शिटेचा डोळ्याला झोंबणारा वासही त्याच वाटेनं जातो. दांडीखाली मी जुना पत्रा टाकून त्यावर राखेचा थर देते आणि सकाळी तेवढंच खरवडून पपईच्या आळ्याशेजारच्या खड्ड्यात टाकते.

गिरिराजांची वेगळी सोय

आमचा एक गिरिराजा लंगडायला लागला. तळव्याला हात लावला तर गरम, मध्ये हरभऱ्याएवढी काळी खपली. तीन फुटांवरून रोज सकाळी फरशीवर उडी मारून तळवा चेचला होता आणि जखमेत जंतू गेले होते. तीन-साडेतीन किलोचा पक्षी, त्याचे पंख त्याला नीट पेलत नाहीत. त्याचा पाय मिठाच्या कोमट पाण्यात शेकला, पण आत पू होता, तो डॉक्टरांनीच काढला. घरी ब्लेडनं कापाकापी करू नका.

आता चौघांसाठी बाजूला वेगळी बुटकी घडवंची आहे, चार फूट लांब आणि फूटभर उंच, तिचेही पाय तेलात. खाली फरशीवर चार बोटं भुसा. गावरानांच्या दांडीपुढंही पावणेचार फूट मोकळी जागा ठेवलीय, कारण कोंबडी सरळ खाली उतरत नाही, ती तिरकी झेप घेते. समोर लगेच जाळी असेल तर रोज आपटते.

निंबावरच्या उतरवायच्या कशा

सगळं दुरुस्त करूनही आमच्या पाच जणी निंबावरच जायच्या. सवय लागली की खुराडं राजवाडा केलं तरी उपयोग नाही. रात्री आठनंतर एकेकीला हातानं उतरवून दांडीवर बसवलं, तोंड भिंतीकडं नाही, बाहेर. अंधारात ती जागा सोडत नाही, सकाळी जाग येते ती दांडीवरच. मग सलग सात दिवस सगळ्यांना दिवसाही आतच ठेवलं, दाणा-पाणी आतच. आठव्या दिवशी सोडल्या आणि संध्याकाळी साडेपाचला आत मूठभर ज्वारी टाकून डबा वाजवला. चौघी आल्या. पाचवीच्या एकाच पंखाची मोठी पिसं कात्रीनं अर्ध्यावर कापली, दोन्ही पंखांची नाही. तोल जातो आणि फांदीपर्यंत पोचत नाही. नव्यानं फुटणाऱ्या पिसाच्या नळीत रक्त असतं, ती पिसं सोडून द्यायची.

आणि सध्या रवणीवरून (अंडी उबवून) उठलेल्या कोंबडीसोबत अकरा पिल्लं आहेत, तीन आठवड्यांची. त्यांच्यासाठी दोन विटा उभ्या करून त्यावर लाटण्याएवढी काठी ठेवलीय. पहिल्या महिन्यातच दांडीवर चढायला शिकलेली पिल्लं पुढं सहसा पेटीत झोपायला जात नाहीत. काल संध्याकाळी सात वर होती, चार आईच्या पंखाखाली.